देवस्व : देव धनाचा धनी होतो काय ?

महाराष्ट्रांत असें गांव विरळा कीं जेथें 'देवाचें शेत' नाहीं. कोठें तें ग्रामदैवताच्या दिवाबत्तीसाठीं तोडून दिलेलें असतें, कोठें उत्सवाच्या खर्चासाठीं, कोठें गुरवाच्या पोटासाठीं. गांवचा माणूस त्यास 'देवाचें' म्हणतो आणि पुढें चालूं लागतो. या षष्ठी विभक्तीचा अर्थ काय हा प्रश्न त्यास पडत नाहीं. व जोंपर्यंत त्या शेतावरून तंटा उत्पन्न झालेला नाहीं तोंपर्यंत तो पडण्याचें कारणहि नसतें. तंटा झाला म्हणजे मात्र विचारावें लागतें, कीं 'देवाचें' म्हणजे देवाच्या मालकीचें, देवासाठीं राखून ठेवलेलें, कीं देवाच्या नांवावर दुसऱ्याच कोणाचें ? षष्ठीचे अर्थ शेकड्यानें मोजावे लागतात असें पतंजलीनें म्हटलें आहे. त्यांपैकीं या एका षष्ठीचा माग काढण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

हिंदु विचारांत द्रव्य तुच्छ व भक्ति थोर मानिली आहे, असें एक मत पुष्कळदां ऐकूं येतें. उलट पक्षीं, देवळांच्या तळघरांतील सोन्याकडे बोट दाखवून हें सारें बोलणें वरवरचें आहे असें म्हणणारेहि आहेत. आम्हांस दोन्ही मतें उतावीळ वाटतात. अर्थास चार पुरुषार्थांत स्थान आहे. गृहस्थानें तो मिळवावा, राखावा, वाढवावा आणि सत्पात्रीं द्यावा, असें स्मृतिकार सांगतात. त्यांचा रोख द्रव्यापेक्षां 'माझें' या शब्दावर अधिक आहे. म्हणूनच देवास वाहिलेलें द्रव्य हें या विचाराच्या कसोटीचें स्थळ होय. देणाऱ्यानें 'माझें नाहीं' असें म्हटलें. मग तें कोणाचें झालें?

याज्ञिकांच्या परिभाषेपासून आरंभ केला पाहिजे. आहुति अग्नींत पडतांना यजमान देवतेचें नांव घेऊन 'न मम' म्हणतो. त्या दोन शब्दांनीं त्या द्रव्यावरील त्याचें स्वत्व संपतें. मीमांसकांनीं याग, होम व दान या तिहींतील भेद मोठ्या काटेकोरपणानें केला आहे. त्याग तिहींत समान आहे. यागांत देवतेस उद्देशून त्याग, एवढेंच. होमांत तें द्रव्य अग्नींत टाकण्याची क्रिया अधिक. आणि दानांत आपलें स्वत्व सोडून दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न करावयाचें असतें. अर्थात् दानास घेणारा लागतो आणि त्यानें तें स्वीकारावें लागतें. ब्राह्मणाच्या हातावर उदक सोडून गाय दिली व त्यानें ती घेतली, म्हणजे गाय त्याची झाली. देवास गाय वाहिली तर ती कोणीं स्वीकारली ? मूर्ति हात पुढें करीत नाहीं. सारी गांठ येथें आहे.

जैमिनीच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्या पादांत देवताधिकरण म्हणून एक अधिकरण आहे. त्यांतील पूर्वपक्षी देवतेच्या ठायीं पांच गोष्टी मानतो: तिला शरीर आहे, ती हवि भक्षण करते, तिला ऐश्वर्य म्हणजे धनीपण आहे, ती प्रसन्न होते आणि प्रसन्न होऊन फळ देते. धनीपणाचा पुरावा म्हणून तो लोकांतील बोलण्याकडे बोट दाखवितो. लोक 'देवाचें गांव', 'देवाचें शेत' असें म्हणतातच कीं ! यावर शबरस्वामींनीं दिलेलें उत्तर आम्हांस प्रत्येक वाचनीं नवें वाटतें. ते म्हणतात, हा केवळ बोलण्याचा उपचार होय. जो ज्या वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणें विनियोग करूं शकतो, त्याची ती वस्तु. देवता गांवाचा अथवा शेताचा असा विनियोग करतांना दिसत नाहीं. तेव्हां तें तिचें नव्हे, आणि तिला दिलें हेंहि खरें नव्हे. देवतेस उद्देशून जें सोडलें जातें त्यावर तिच्या परिचारकांचा निर्वाह होतो, इतकेंच.

असें लिहिणारा पुरुष पाखंडी नव्हता; वेदाचा त्याच्याइतका कडवा कैवारी मिळणें कठीण. त्याची अडचण निराळी होती. देवता प्रसन्न होऊन फळ देते असें मानिलें, तर यज्ञकर्म हें तिला खूष करण्याचें साधन ठरतें आणि कर्माचें स्वतंत्र सामर्थ्य उरत नाहीं. तें राखण्यासाठीं त्यानें देवतेकडून शरीर काढून घेतलें, भोजन काढून घेतलें आणि जातां जातां शेतहि काढून घेतलें. परंतु त्या शेतावर पोसला जाणारा परिचारक त्यानें जागच्या जागीं ठेविला. पुढें शेंकडों वर्षें चाललेल्या तंट्यांचें बीज या एका वाक्यांत आहे.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत लोभानें देवस्व अथवा ब्राह्मणस्व हरण करणारा परलोकीं गिधाडांच्या उष्ट्यावर जगतो अशा अर्थाचा श्लोक आहे. मेधातिथीस त्यावर भाष्य लिहितांना शबरस्वामींची शंका आठवली. देवांस स्वस्वामिभाव संभवत नसल्यामुळें 'देवस्व' याचा मुख्यार्थ घेतां येत नाहीं, असें म्हणून तो यागादिकांसाठीं वेगळें काढून ठेवलेलें धन असा गौण अर्थ घेतो. त्यानंतर कांहीं शतकांनीं झालेला कुल्लूक त्याच श्लोकावर लिहितांना प्रतिमादि देवतांसाठीं सोडलेलें धन असें सरळ लिहून मोकळा होतो. दोन टीकाकारांच्या मध्यें मूर्ति येऊन बसली, हें या लहानशा फरकावरून दिसतें. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं देव मालक नाहीं असें म्हणणाऱ्या मेधातिथीनेंहि चोरी क्षम्य ठरविली नाहीं. वेगळें काढून ठेवलें, एवढ्यानेंच तें अस्पृश्य झालें.

वेदान्त्यांनीं मीमांसकांचें हें मत मानिलें नाहीं. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत शंकराचार्यांनीं देवांस विग्रह आहे असें प्रतिपादिलें आहे. परंतु खरें सांगावयाचें तर भक्तानें या दोघांच्याहि निकालाची वाट पाहिली नाहीं. प्राणप्रतिष्ठा झाली म्हणजे देवास पहाटे जागवावयाचें, स्नान घालावयाचें, वस्त्र नेसवावयाचें, जेवूं घालावयाचें, रात्रीं शेजेवर निजवावयाचें. पालखी, चवऱ्या, चौघडा सर्व कांहीं राजासारखें. ज्याची दिनचर्या राजाची, त्यास खजिना हा असावयाचाच. पूजेच्या प्रघातानें देवास धनी केलें. शास्त्र मागाहून पायीं चालत आलें.

शास्त्रांतहि या प्रघातास एक वाट मोकळी होती. कल्याणीच्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्वत्व हें शास्त्रावरूनच कळतें कीं तें लौकिक आहे असा वाद घालून लौकिक पक्ष स्वीकारिला आहे. ज्यांस शास्त्राचा गंधहि नाहीं असे दूरदेशींचे लोकहि खरेदीविक्री करतात. तेव्हां मालकी ही लोकव्यवहारांतून सिद्ध होणारी वस्तु आहे, असें त्याचें म्हणणें. हें मानिलें तर लोक ज्यास धनी म्हणून वागवितात त्याच्या धनीपणास निव्वळ उपचार म्हणून उडवून देणें अवघड होतें. मिताक्षराकारानें हा निष्कर्ष देवाविषयीं काढलेला नाहीं. आम्ही काढीत आहों, आणि तो वाचकांनीं तेवढ्याच वजनाचा समजावा.

आतां शिलालेखांकडे वळूं. पंढरपूरच्या देवळांत 'चौऱ्यांशीचा लेख' म्हणून प्रसिद्ध असलेली शिळा आहे. शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या अवधींत विठ्ठलाच्या देवळास ज्यांनीं ज्यांनीं देणग्या दिल्या, त्यांचीं नांवें तीवर एकाखालीं एक कोरलेलीं आहेत. यादवराजा रामदेवराव याचा निर्देश तेथें 'पांडरीफडमुख्य' असा आहे, आणि हेमाद्रि पंडिताचेंहि नांव आहे. हेमाद्रि हा यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दौलतीच्या हिशेबदप्तराचा मुख्य. आणि 'चतुर्वर्गचिंतामणी'चा कर्ताहि तोच, ज्यांत दानावर एक अफाट खंड आहे. कोणतें दान कोणास, केव्हां, कोणत्या विधीनें द्यावें याचें त्यानें केलेलें वर्गीकरण वाचतांना धर्मशास्त्र्याच्या आड बसलेला हिशेबनीस जागोजाग दिसतो. द्रव्य आणि भक्ति यांत आम्ही आज जी भिंत कल्पितों ती त्यास ठाऊक नव्हती. त्यास पावती ठाऊक होती, आणि चौऱ्यांशीचा लेख ही आमच्या मतें एक पावतीच आहे. पुढें लोकांनीं त्या शिळेस पाठ घांसली असतां चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत करून घेतली, हा इतिहासाचा विनोद होय.

दुसऱ्या प्रकारचे पुरावे म्हणजे दानलेखांच्या शेवटीं येणारे शाप. दिलेली भूमि हरण करणारा साठ हजार वर्षें विष्ठेंतील कृमि होतो, हें ताम्रपटांतील नेहमींचें वचन; आणि शिलाहार व यादव यांच्या काळच्या आपल्याकडील गद्धेगाळ तर याहून उघड्या. आमच्या शाळकरी विद्यार्थ्यांस हे दगड दाखवितांना त्यांवरील चित्राचा अर्थ सांगणें आम्हांस नेहमीं जड गेलें. त्यांचें प्रयोजन मात्र स्पष्ट आहे. ज्यास भूमि दिली तो दगडाचा देव. उद्यां ती कोणीं बळकाविली तर तो फिर्याद घेऊन कोठें जाणार? दाता मेलेला, वारस लोभी, राजा बदललेला. म्हणून फिर्यादीच्या जागीं शाप कोरून ठेविला. शबरस्वामींनीं देवाचें जें असमर्थपण दाखविलें होतें तेंच हे दाते आपल्या परी मान्य करीत होते.

आतां संतांकडे येऊं. कारण द्रव्य आणि भक्ति यांचें वैर सांगतांना प्रथम नांव निघतें तें श्रीतुकारामबोवांचें. शके १५५१-५२ च्या दुष्काळानें घर खचल्यानंतर त्यांनीं वडिलांच्या वेळचीं कर्जरोख्यांचीं कागदपत्रें इंद्रायणींत बुडविलीं, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्यांतील एक तपशील कीर्तनांत बहुधा गळतो. महिपतीच्या कथनाप्रमाणें, बोवांनीं सर्वच कागद बुडविले नाहींत. त्यांचे धाकटे बंधु कान्होबा यांचा अर्धा वांटा त्यांनीं त्यांस दिला व स्वतःच्या वांट्याचे तेवढे पाण्यांत सोडले. आम्हांस हा तपशील कथेचा प्राण वाटतो. त्याग स्वतःच्याच वस्तूचा होतो. भावाचें धन नदींत टाकणें हा त्याग नव्हे, अपहार होय. 'न मम' म्हणण्यापूर्वीं तें 'मम' असावें लागतें. देहूच्या महाजनकीचें वतन ज्या घरांत होतें, त्या घरच्या पुरुषास वांटणी म्हणजे काय हें पक्कें ठाऊक होतें.

बोवांच्या प्रयाणानंतर (शके १५७१) जन्मलेले त्यांचे पुत्र नारायणबोवा यांनीं पालखीचा सोहळा सुरू केला. तें वर्ष इ. स. १६८५ सांगतात. याच नारायणबोवांच्या खटपटीनें देहू, येलवाडी व किन्हई हीं गांवें संस्थानाकडे इनाम आलीं. बापानें खतें बुडविलीं आणि मुलानें सनदा मिळविल्या, असें उपहासानें म्हणणारे आम्हांस भेटले आहेत. आम्हांस हा उपहास पटत नाहीं. बापानें सोडलें तें स्वतःचें होतें. मुलानें मिळविलें तें देवाच्या पूजेच्या, उत्सवाच्या व आल्यागेल्याच्या अन्नाच्या नांवें होतें. हजारों माणसें चालत पंढरीस निघालीं म्हणजे कोणास तरी डाळीतांदळाचा विचार करावा लागतो. धोका आहे तो याच्या पुढच्या पायरीवर. देवाच्या नांवें आलेलें इनाम पिढी दोन पिढ्या घरांत वाहिलें म्हणजे वंशजांस तें वांटणीचें घर वाटूं लागतें, आणि मग भाऊबंदकीचीं तींच कलमें, तेच फारखतीचे कागद. आपल्याकडील संस्थानांचीं दप्तरें चाळणाऱ्यास याचा अनुभव आहे.

चिंचवडची गोष्ट याहून चमत्कारिक. तेथें मीमांसकांच्या आक्षेपास प्रत्यक्ष उत्तर मिळाल्यासारखें झालें. मोरया गोसावी यांच्यापासून सात पिढ्या त्या घराण्यांतील पुरुष गणपतीचा अंश मानला जाई, व त्यास 'देव' असेंच म्हणत. म्हणजे येथील देवास शरीर होतें, तो जेवत असे, प्रसन्न होत असे, आणि गांवांचा विनियोगहि आपल्या इच्छेनें करूं शकत असे. मोगल व मराठे दोघांनींहि त्यास सनदा दिल्या. मारिया ग्रॅहम या इंग्रज बाईनें इ. स. १८०९ त चिंचवडास जाऊन त्या वेळच्या देवास, म्हणजे एका मुलास, पाहिलें व आपल्या प्रवासवर्णनांत तें नमूद केलें. इ. स. १८१० त ही परंपरा खुंटली. देवाचा अंश संपला, परंतु संस्थान चाललें, आणि त्याच्या वहिवाटीचा वाद पुढें मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला.

याच चिंचवडच्या संबंधांत शिवाजीमहाराजांची एक आज्ञा आम्हांस फार मोलाची वाटते. संस्थानास कोंकणांतून धान्य, मीठ वगैरे जिन्नस बाजारभावाहून कमी दरानें घेण्याची पूर्वींपासून मोकळीक होती. देवाच्या नांवें भाव पाडला कीं त्याची तूट सोसणार रयत. महाराजांनीं ही मोकळीक बंद करून तितकाच जिन्नस सरकारांतून देवविण्याची व्यवस्था केली. देवाचें कांहीं तोडलें नाहीं आणि रयतेचेंहि कांहीं घेतलें नाहीं. देवस्वावर इतके ग्रंथ झाले, परंतु देवाच्या अन्नासाठीं कोणाच्या ताटांतून किती जातें हा प्रश्न त्यांत क्वचितच भेटतो.

धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचें प्रकरण येथें ओझरतें सांगितलें पाहिजे, कारण त्याशिवाय चित्र पुरें होत नाहीं. स्वामी संन्यासी, शाहूमहाराज, थोरले बाजीराव व चिमाजीआप्पा त्यांचे भक्त, आणि तरी बाजीरावाचे सावकारहि तेच. कर्जाच्या फेडीविषयीं तगादे आणि पेशव्यांचीं काकुळतीचीं उत्तरें इतिहासाच्या साधनांत छापलेलीं आहेत. इ. स. १७४५ त स्वामींनीं समाधि घेतली. देवळें, विहिरी, तळीं यांवर त्यांनीं पुष्कळ खर्च केला हेंहि तितकेंच खरें. संन्याशाजवळ द्रव्य असणें शास्त्रास संमत नाहीं. पण तें द्रव्य परशुरामाचें, व आपण केवळ त्याचे कारभारी, असें मानिलें म्हणजे व्याज घेण्यास बाध येत नाहीं. 'देवाचें' ही षष्ठी अशीहि उपयोगीं पडते.

इंग्रजी अमलांत हा प्रश्न शापाच्या हद्दींतून फिर्यादीच्या हद्दींत आला. गुजराथेंत डाकोर येथें श्रीरणछोडरायाच्या पायांशीं येणारें द्रव्य पूजा करणारे सेवक स्वतःचें म्हणून घेत. भक्तांपैकीं कांहींनीं दावा लावला. इ. स. १८८७ त मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति वेस्ट यांनीं निकाल दिला, कीं मूर्ति ही कायद्याच्या दृष्टीनें व्यक्ति आहे, तिला धन असूं शकतें, आणि सेवक हे त्या धनाचे विश्वस्त असून भक्तांस जाब देण्यास बांधलेले आहेत. सेवकांचा वंशपरंपरेचा पूजेचा हक्क न्यायालयानें काढून घेतला नाहीं. मालकी मात्र त्यांची नव्हे असें ठरविलें. इ. स. १९२५ त लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें कलकत्त्याच्या एका घरगुती देवाच्या खटल्यांत आणखी एक पाऊल टाकलें. मूर्ति कोठें असावी याविषयीं देवाची स्वतःची इच्छा काय हेंहि विचारांत घ्यावें, व ती मांडण्यासाठीं निःपक्षपाती माणूस नेमावा, असें तेथें ठरलें. इच्छेप्रमाणें विनियोग करील तो धनी, ही शबरस्वामींची कसोटी. तिला समुद्रापलीकडून उत्तर आलें, कीं इच्छा नसेल तर ती बोलून दाखविणारा आम्ही देतों!

स्वराज्य आल्यावर इ. स. १९५६ त सर्वोच्च न्यायालयापुढें एक देऊळ खाजगी कीं सार्वजनिक असा वाद आला. त्या निकालपत्रांत शबरस्वामी, मेधातिथि व कुल्लूक या तिघांचा आधार घेतलेला पाहून आम्हांस झालेला आनंद आम्ही लपवीत नाहीं. न्यायमूर्तींनीं असा अर्थ काढला, कीं देवास मालक म्हणणें हें गौण अर्थानें खरें. देवास दिलेल्या धनाचा खरा लाभ भक्तांस व्हावयाचा असतो, आणि म्हणून भक्तसमुदाय कोण हें पाहून देऊळ सार्वजनिक कीं खाजगी तें ठरवावें. मीमांसकांच्या ज्या वाक्यांत परिचारकाचा निर्वाह तेवढा होता, त्यांत आतां भक्त आला. हा अर्थ शबरस्वामींच्या शब्दांत आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्या लोकांनीं देवळें बांधलीं व भरलीं, त्यांच्या मनांत तो होता असें मात्र वाटतें. तथापि कायद्यानें देवाचें व्यक्तित्व सोडलेलें नाहीं. अयोध्येच्या इ. स. २०१९ च्या निकालांत रामलल्ला हा दावेदार म्हणून मान्य झाला. त्याच निकालांत जन्मस्थान ही भूमि स्वतः व्यक्ति आहे हें म्हणणें अमान्य झालें. मध्य प्रदेशांतील देवळांच्या जमिनींविषयीं इ. स. २०२१ त सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं मालकाच्या रकान्यांत देवाचेंच नांव असावें. पुजारी हा मालक नव्हे, देवाचा कारभार पाहणारा सेवक होय.

पंढरपुरास हा प्रश्न सर्वांत अधिक पेटला, आणि तो साहजिक होता. जेथें वारकरी घरचें विकून येतो, तेथें पायांवर पडलेलें नाणें कोणाच्या हातीं जातें हा केवळ कायद्याचा मुद्दा राहत नाहीं. बडवे, उत्पात व सेवाधारी यांचे हक्क जुने, लेखी आणि आपसांत वांटलेले होते. इ. स. १९७३ च्या कायद्यानें ते संपविण्यांत आले. त्यावर वर्षानुवर्षें दावे चालले, आणि जानेवारी २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें त्यांचा शेवट झाला. बडव्यांविषयीं लोकांनीं जें वाईटसाईट बोललें त्यांतील बरेंच आम्हांस ठाऊक आहे. परंतु परचक्रांत मूर्ति उचलून रानोमाळ लपविणारे हात कोणाचे होते, हेंहि विसरूं नये. त्यांची चूक एका षष्ठीची होती, असें म्हटलें तर तें त्यांना फार सौम्य होईल काय ? आम्हांस निश्चय करवत नाहीं, आणि त्याचें कारण सांगणें प्राप्त आहे.

आमच्या घराण्याकडे एका लहान देवळाची वहिवाट तीन भावकींत मिळून चालत आली आहे. देवाचें शेत तीन एकर कांहीं गुंठे. सातबाऱ्यावर कबजेदार म्हणून देवाचें नांव, आणि खालीं वहिवाटदारांचीं नांवें. चार वर्षांपूर्वीं त्या बाजूनें रस्ता जाणार अशी वार्ता उठली आणि जमिनीचे भाव चढले. देवस्थान इनामाची जमीन परवानगीवांचून विकतां येत नाहीं, हें सर्वांस ठाऊक होतें. तरी कांहीं वाट निघते का हें पाहण्यासाठीं भावकी बसली. त्या बैठकींत आमच्याच एका चुलतबंधूंनीं, ज्यांस आम्हीं एके काळीं हें अधिकरण मोठ्या हौसेनें समजावून दिलें होतें, शबरस्वामींचें वाक्य पुढें केलें. शास्त्रच सांगतें कीं देव मालक नव्हे, परिचारकांचा निर्वाह हाच त्या शेताचा उपयोग, परिचारक आपण, मग आपला निर्वाह शेत विकून झाला तर बिघडलें कोठें?

आम्हांस क्षणभर उत्तर सुचलें नाहीं. मग आम्हीं म्हटलें, तीच कसोटी आपल्यास लावून पाहूं. इच्छेप्रमाणें विनियोग करतां येईल तो धनी. आपल्यालाहि तो करतां येत नाहीं, कारण ज्यानें हें शेत सोडलें त्यानें तें दिव्यासाठीं व नैवेद्यासाठीं सोडलें, आपल्यासाठीं नव्हे. देव मालक नाहीं एवढ्यावरून आपण मालक होत नाहीं. मेधातिथीच्या अर्थानें तें वेगळें काढून ठेवलेलें आहे, आणि वेगळें काढणारा मेला तरी तें वेगळेंच आहे. चुलतबंधु विद्वान् आहेत. त्यांनीं हें मान्य केलें नाहीं, नाकारलेंहि नाहीं. रस्ता पुढें दुसऱ्या बाजूनें गेला आणि बैठक पुन्हा भरली नाहीं.

त्या निमित्तानें जुन्या वह्या मात्र बाहेर निघाल्या. आमच्या आजोबांनीं देवाचा जमाखर्च मोडींत ठेविलेला आहे: खंडाचे पैसे जमा, तेल, वाती, गुरवाचें धान्य, उत्सवाचा नारळ खर्च. मधूनमधून 'देवाचे उसने घेतले' अशा नोंदी आहेत. कोठें बियाण्यासाठीं, एकदां आमच्या आत्याच्या लग्नासाठीं. बहुतेकांसमोर पुढील सुगीची तारीख घालून 'देवास परत' असें लिहिलें आहे, कांहीं ठिकाणीं व्याजासुद्धां. सात रुपयांच्या एका नोंदीपुढील जागा कोरी आहे. ती रक्कम गेल्या वर्षीं आम्हीं वहीस जमा केली; व्याज कोणत्या दरानें धरावें यावर भावकींत अद्याप एकमत झालेलें नाहीं.